ही कशाची?

विजयाला बसलेली मी एकदाच पाहिली. गाडीत बसते ते सोडून द्या, ते काही बसणं नव्हे. तिथेही तिचा डावा पाय चालूच असतो, ना ब्रेकवर ना कशावर, उगाचच आपला नाचत असतो. पण खुर्चीला पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून माणसासारखी बसलेली विजया म्हणाल, तर एकदाच. आणि तशी ती मला पुन्हा बघायची नाही.

आता ती टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँड गावातून गेली. तिकडे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, मुलीजवळ घर घेतलंय. इथे समोर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांनी तिच्या दुधीच्या मांडवाच्या जागी पोरांना उड्या मारायला ट्रॅम्पोलिन आणून ठेवलंय. चांगलं आहे, पोरं हसतात, आवाज येतो. तरी सकाळी चहाचं आधण ठेवलं की माझी नजर त्या दाराकडे जाते. दार उघडून कुणी तरातरा रस्ता ओलांडून येत नाही, आणि मला कसंतरीच होतं. म्हणून म्हटलं लिहून काढू. मला लिहायचं वळण नाही, जसं आठवेल तसं सांगते.

हे गेल्यावर मुलानं मला कराडहून इकडे आणलं, त्या पहिल्याच दिवसांतली गोष्ट. मुलगा-सून कामाला गेलेली. घंटा वाजली, दार उघडलं तर काखेत हातभर दुधी धरून एक बाई उभी. केस आखूड, अंगात पंजाबी ड्रेस, पायात पळायचे बूट. म्हणाली, मी समोरची विजया, सांगलीची. तुम्ही कराडच्या, म्हणजे माझ्या माहेरच्याच झालात. मी या म्हणेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलेली. दुधी ओट्यावर ठेवला, फ्रिज उघडून भाज्या कुठे ठेवतात ते बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हा फ्रिज किती मागे सारलाय, हवा कुठून जाणार?" आणि खरंच दोन्ही हातांनी धरून तो धूड फ्रिज पुढे ओढला. चहा उभ्यानंच प्यायली. पिता पिता सुनेनं फ्रिजवर लावलेली मॅग्नेटं उंचीप्रमाणे ओळीत लावून टाकली. अर्धा कप तसाच ठेवून गेलीसुद्धा. संध्याकाळी सून घरी आली नि मॅग्नेटांकडे बघून म्हणाली, "आल्या होत्या वाटतं विजयाकाकू."

तो अर्धा कप मी पुढे कायम बघितला. चहा संपेपर्यंत थांबणं तिला जमायचंच नाही.

कामाला ती हूस्टनला एका प्रयोगशाळेत जायची. जायला तास, यायला तास, आणि ट्रॅफिक लागला तर देवाचं नाव. संशोधन करते एवढं ठाऊक होतं. कसलं, ते मी विचारलं नव्हतं. मला काय कळणार, असं वाटायचं. तिच्याबद्दल लोकांच्या तोंडी दोन गोष्टी असायच्या. एक म्हणजे ती महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला साखर तपासायचं, बोट टोचायचं मशीन पर्समध्ये घेऊन यायची. श्रीखंडाच्या टेबलाशीच उभी राहायची, आणि पुरुषमाणसं तिला टाळून लांबून वळसा घालून वाटी भरायची. दुसरी गोष्ट म्हणजे तिचं ते एक वाक्य. कुणाचं काहीही सांगा, नोकरी गेली, नवरा सोडून गेला, मुलगा बोलत नाही, ती आधी विचारायची, "हातपाय मारतोय ना? मग ठीक आहे."

एका गणपतीला नागपूरचा एक आयटीतला मुलगा कोपऱ्यात उभा होता. नोकरी गेलेली, व्हिसाची मुदत संपत आलेली. सगळ्या काकू त्याला बाळा बाळा करत होत्या. विजया आली, नैवेद्याचं ताट हातात, साडीवर तेच बूट, आणि त्याला म्हणाली, "हातपाय मारतोयस ना?" तो म्हणाला, हो काकू, रोज अप्लाय करतोय. "मग ठीक आहेस तू. मारायचे थांबलास, तर त्या दिवशी मला फोन कर. कितीही वाजता." आणि ताट घेऊन पुढे गेली. मुलाचं तोंड उतरलं. मलाही ते जरा कडकच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती चहाला आली तेव्हा मी तिला बोलले, अगं, माणूस खचलेला असतो, त्याला असं काय विचारायचं?

तेव्हा तिनं मला उंदरांचं सांगितलं. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, आणि ती फडक्यानं माझा पुसलेला ओटा परत पुसत होती.

उंदरांना आधी मधुमेह करतात म्हणे, औषध टोचून. मी म्हटलं, बिचारे. ती म्हणाली, बिचारेच. मग काही आठवड्यांनी एका उंच काचेच्या नळकांड्यात पाणी भरून त्यात एकेकाला सोडायचं. तळाला पाय पोचत नाहीत, काचेवर चढता येत नाही. उंदीर आधी जिवाच्या आकांतानं हातपाय मारतो. मग एक वेळ अशी येते की थांबतो. नुसता तरंगत राहतो, नाक पाण्यावर राहील एवढंच. तो कधी थांबतो, हे बघायचं तिचं काम.

"मधुमेहाचे उंदीर लवकर थांबतात, मावशी. निरोगी असतात ते जास्त झगडतात."

मी म्हटलं, मग बुडतो की काय?

"बुडू कशी देईन? वेळ झाली की काढते, टॉवेलनं कोरडा करते, उबेला ठेवते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मनातल्या मनात मराठीत बोलते मी त्यांच्याशी. मार रे, मार हात. ओठ हलतात माझे. बाकीच्यांना वाटतं मी देवाचं म्हणते."

त्या उंदरांतल्या काहींना ती एक औषध देत होती. नवीन काही नाही, मिनोसायक्लिन म्हणून जुनंच अँटिबायोटिक, इथे पोरांना मुरुमांवर देतात ते. जंतू मारतं, पण त्याचा आणखी एक गुण म्हणजे अंगातला दाह कमी करतं आणि मेंदूपर्यंत पोचतं. मला तिनं असं समजावलं, की साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की अंगात राखेखाली निखारा असावा तशी एक धग राहते. ती धग मेंदूत पोचली की तिथल्या राखणदार पेशी बिथरतात, आणि माणसाचं मन विझायला लागतं. लोक म्हणतात, पथ्यपाण्यानं वैतागला, आजारानं खचला. तेही असतंच. पण आतून ही धगही असू शकते.

मी विचारलं, म्हणजे उदास झालेला उंदीर ह्या औषधानं बरा होतो?

"नाही नाही, तेच तर. उदास व्हायच्या आधी द्यायचं." एवढ्यात दूध वर आलं. मी पुढे होईपर्यंत तिनं माझ्या खांद्यावरून हात घालून बटण फिरवलं. "हे बघा. उतू जायच्या आधी गॅस बारीक करायचा. उतू गेल्यावर ओटा पुसतात, ते वेगळं काम."

मी इतकी वर्षं दूध तापवतेय, पण तेव्हापासून दुधावर नजर ठेवताना मला ते उंदीर आठवतात.

औषध दिलेले उंदीर जास्त वेळ झगडत होते, असं ती सांगायची, आणि लगेच चमचा कपावर वाजवून म्हणायची, "पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे." हे ‘पण’ ती कधी विसरायची नाही. ते विसरले दुसरेच. मंडळानं तिचं भाषण ठेवलं होतं. स्टेजवर इकडून तिकडे फेऱ्या मारत बोलली, माइकची वायर पायात आली, पण बोलली छान. कुणीतरी ते फोनवर घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. टाकलं ते ‘पण’च्या आधीचं. झालं. मधुमेहवाल्यांनी मुरुमांचं औषध घ्यावं, असं सगळीकडे झालं. एका काकांनी तर तिलाच फोन केला, की नातीच्या बाटलीत गोळ्या उरल्या होत्या त्या सुरू केल्यात, जेवणाआधी घेऊ की नंतर?

ऑगस्टचा महिना, टेक्सासची दुपार, रस्त्यावर चप्पल चिकटेल असं ऊन. विजया घरोघर फिरली. माझ्या मुलाला म्हणाली, मावशींना बरोबर देतोस का, त्या असल्या की लोक मला बसा म्हणतात आणि मी बसत नाही याचं त्यांना वाईट वाटत नाही. मी गाडीत बसून तिच्याबरोबर हिंडले. प्रत्येक दारात तेच. "अँटिबायोटिक म्हणजे काय त्रिफळा चूर्ण आहे, काका? रोज रोज घेतलंत तर उद्या खरोखर न्यूमोनिया झाला की काहीच लागू पडायचं नाही. आणि माणसात हे अजून सिद्ध झालेलं नाही. नाही म्हणजे नाही." नातीची बाटली ती त्या काकांच्या हातातून घेऊनच आली. काका कुरकुरले. ती म्हणाली, डॉक्टरनं लिहून न दिलेलं औषध घेणं म्हणजे अंधारात पायरी आहे असं समजून पाय टाकणं.

एवढं मी का सांगतेय, ते पुढे कळेल.

तिचा नवरा श्रीकांत. तेल वाहून नेणाऱ्या पाइपलाइनी तपासण्यात त्याचा जन्म गेला, आणि तीच खोड घरी. त्याला मधुमेह जुना. सकाळी नाश्त्याच्या वेळी तो उजवा तळहात पुढे करायचा आणि विजया त्यावर एकेक गोळी ठेवायची. आपल्याकडे कितीतरी घरांत हे असंच असतं. नवऱ्याला स्वतःच्या गोळ्यांची नावंही ठाऊक नसतात, बायकोनं हातावर ठेवली की गिळायची. पण श्रीकांत तसा गिळणारा नव्हता. मी त्यांचा डबा परत द्यायला जायची तेव्हा कितीदा तरी ऐकलंय. चष्मा कपाळावर चढवायचा, तळहात खिडकीच्या उजेडात धरायचा आणि विचारायचा, "ही कशाची?"

"शुगरची."

"ती तर काल दिली होतीस."

"रोजच द्यायची असते, अरे."

"आणि ही?"

"बीपीची."

"बीपी काल नॉर्मल होतं."

"गोळीमुळेच नॉर्मल होतं."

"हे तू परस्पर ठरवलंस. पुरावा काय?"

विजया दात-ओठ खायची. म्हणायची, मावशी, हा माणूस गोळी घेत नाही, गोळीचं ऑडिट करतो. त्याचा चहा गार व्हायचा, तिला कामाला उशीर व्हायचा, आणि मी दारात उभी राहून हसायची. रोजचं होतं ते. गोळ्यांची तेवढी वरात निघाल्याशिवाय त्या घरात दिवस उगवायचा नाही.

मग त्याच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो घरी आला. त्याच सुमाराला पायाला एक जखम झाली, मधुमेहात व्हायची तशी भरता भरेना. सकाळचं चालणं बंद झालं. जखम भरली, पण चालणं काही सुरू झालं नाही. मागच्या खिडकीजवळ त्याची मागे कलणारी खुर्ची होती, तिच्यात तो बसायला लागला. हिरवळ कापेना, सोसायटीची ताकीद आली, तेव्हा विजयानं स्वतः मशीन ओढून कापली. त्याचे मित्र म्हणायचे, आयुष्यभर राबला, आता आराम करतोय, करू दे. मुलगी मुक्ता रविवारी फोन करायची, तिला तो "ऑल गुड" म्हणायचा. इथेच जन्मलेली पोर ती, तिला ऑल गुड म्हणजे ऑल गुडच वाटायचं.

गोळ्यांचे प्रश्न कधी थांबले, ते मला सांगता येणार नाही. फ्रिजची घरघर बंद पडली तर लगेच कुठे कळतं? दूध नासल्यावर कळतं.

विजयाची अस्वस्थता मात्र दिसायला लागली होती. ती सकाळी यायची, दुपारी सुट्टी असली की यायची, काही कारण नसताना यायची. माझा मिसळणाचा डबा घासून झालेला असला तरी परत घासायची. फोन वाजला की दचकायची. श्रीकांत कसा आहे म्हटलं की साखरेचा आकडा सांगायची. म्हणायची, कंट्रोलमध्ये आहे. आणि आकडा सांगताना तिची नजर माझ्या खिडकीतून तिच्या घराकडे असायची. जगाला मनाच्या आजाराबद्दल सांगणारी ही बाई, पण तो शब्द तिच्या घराच्या संदर्भात मी कधी तिच्या तोंडून ऐकला नाही.

त्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नाला मी कराडला गेले. कुणी गावाला निघालं की आपल्या लोकांत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जाताना याच्या आईला स्वेटर, त्याच्या मामाला चॉकलेटं. येताना मसाला, पापड आणि औषधं. इथे औषध मिळत नाही असं नाही, पण तिथे ओळखीचा दुकानदार असतो, तो डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. विजयाच्या भावाचं सांगलीला औषधांचं दुकान आहे. निघायच्या आधी ती म्हणाली, भाऊ एक छोटं पाकीट आणून देईल, आणाल ना? भाऊ खरंच आला. भडंग, मेतकूट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. नेणाऱ्यानं कशाचं औषध, कुणाचं, हे विचारायचं नसतं, अशी आपली रीत. मी पाकीट साड्यांच्या घडीत ठेवलं.

इकडे आल्यावर तिला दिलं, तेव्हा तिनं भडंगाकडे बघितलंसुद्धा नाही. कागद फाडला आणि पट्ट्या मुठीत धरल्या. मला इंग्रजी सावकाश वाचता येतं. तिच्या बोटांच्या फटीतून मी नाव वाचलं. त्या ऑगस्टच्या दुपारी प्रत्येक दारात ऐकलेलं नाव, ते मी कसं विसरणार?

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती म्हणाली, "काही बोलू नका, मावशी. मी लोकांना काय सांगितलंय ते मला पाठ आहे." ओट्यापासून दारापर्यंत गेली, परत आली. "दिवसभर तिकडे काचेत तेच बघते. घरी येते, तर खुर्चीत तेच. मला बघवत नाही हो."

संक्रांतीच्या सकाळी मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. श्रीकांतसाठी बिनगुळाचा वेगळा केला होता, नुसता तीळ-दाण्याचा. तो खिडकीजवळ खुर्चीत होता. बाहेर थंडीनं हिरवळ पिवळी पडली होती, तिकडे बघत होता, म्हणजे डोळे तिकडे होते. विजया पाण्याचा पेला नि गोळ्या घेऊन आली. त्यानं मान न वळवता तळहात पुढे केला. तिनं पांढरी ठेवली, गुलाबी ठेवली. मग एक पिवळी कॅप्सूल ठेवली. ती मी आणलेली, हे मला लगेच कळलं.

आणि ती थांबली.

आधी मला वाटलं, तो कधी गिळतोय याची वाट बघतेय. मग तिच्या चेहऱ्यावरून लक्षात आलं, वाट गिळण्याची नव्हती. तो विचारील म्हणून थांबली होती. चष्मा कपाळावर जाईल, हात उजेडात येईल. पण हात हलला तो सरळ तोंडाकडे.

विजयानं त्याचं मनगट धरलं.

"विचार ना."

"काय?"

"ही कशाची, ते विचार. नवीन आहे ही. रंग बघ."

त्यानं तळहाताकडे बघितलं. राग नाही, कंटाळा नाही, काहीच नाही. म्हणाला, "तू देतेस म्हणजे घ्यायचीच असेल, विजू."

दुसरी एखादी म्हणाली असती, सुटले बाई कटकटीतून. विजयानं ती पिवळी कॅप्सूल उचलून घेतली. उरलेल्या दोन त्यानं पाण्याबरोबर गिळल्या. आणि विजया त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली. पाठ टेकून, हात मांडीवर, एका हाताची मूठ मिटलेली. डावा पाय जमिनीवर, गप्प. समोरासमोर दोन खुर्च्या, आणि दोघांचेही हातपाय थांबलेले. मी डबा धरून दारातच उभी. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि ती काही चांगली शांतता नव्हती.

बराच वेळ गेला असेल. मग श्रीकांतनं मान वळवली. आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली.

"विजू, तुझा पाय."

"काय झालं पायाला?"

"हलत नाहीये. बरं नाही का तुला?"

कितीतरी दिवसांनी त्या माणसानं काही विचारलं होतं. गोळीबद्दल नाही विचारलं, तिच्याबद्दल विचारलं. विजयानं मूठ उघडून कॅप्सूल त्याला दाखवली. सगळं सांगितलं. भावाकडून मागवली, मावशींच्या हातून आणवली, तुला न विचारता देणार होते. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुझ्या उंदरांना विचारतेस का?"

"नाही."

"मला तरी विचार."

थट्टा होती की खरंच म्हणत होता, मला सांगता येत नाही. विजयानं मात्र ते खरंच घेतलं. पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आली. "विचारते. तुला डिप्रेशन आलंय, श्रीकांत. मला कधीपासून दिसतंय, आणि मी बोलले नाही. डॉक्टरकडे येशील माझ्याबरोबर?"

त्यानं बाहेर बघितलं. मग म्हणाला, "गाडी कोण चालवणार?"

"मी."

"मग हळू चालव."

मी तिळगुळाचा डबा टेबलावर ठेवला आणि दार ओढून घेतलं.

पुढे सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. त्याच्या मधुमेहाच्याच डॉक्टरांनी त्याला प्रश्न विचारले, आणि ज्यानं आयुष्यभर प्रश्न विचारले तो पहिल्यांदा उत्तरं देत बसला. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे एक गोळी सुरू झाली, ती निराळी, ह्याच आजाराची. आठवड्याला एक समुपदेशन करणारी बाई कॉम्प्युटरवर त्याच्याशी बोलायची. आधी तो दार लावून झोपायचा, मग बोलायला लागला. उन्हाळ्यात परत खचला. काही सकाळी चालायला निघायचा, काही सकाळी उठायचाच नाही. विजया त्याच्या खुर्चीभोवती घिरट्या घालायची, आणि तो म्हणायचा, तू बस, मला चक्कर येते. ती बसायची नाही.

सांगलीच्या पट्ट्या तिनं फार्मसीतल्या जुन्या औषधांच्या पेटीत टाकल्या. मी बरोबर होते. टाकल्यावर हात झटकले, आणि पेटीचं झाकण वाकडं बसलं होतं ते सरळ केलं.

मग एके दिवशी मंडळाच्या ग्रुपवर तिच्या आवाजातला निरोप आला. मागे बुटांचा आवाज, म्हणजे फेऱ्या मारतच बोलत होती. म्हणाली, श्रीकांतला विचारून सांगतेय. आमच्या घरात डिप्रेशन आहे. माझा रोजचा विषय हा, तरी मला बोलायला वेळ लागला. तुमच्याकडे कुणी मधुमेहवालं गप्प गप्प झालं असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना सांगा. माझ्या उंदरांवर विसंबू नका.

या वेळी कुणी तो निरोप कापून पुढे पाठवला नाही. त्यानंतर एकेक बाई तिच्या दारात दिसायला लागली, कधी नवऱ्याचं सांगायला, कधी स्वतःचंच. त्यांना ती चहा द्यायची. त्या बसून प्यायच्या, ही उभी. नातीच्या बाटलीवाल्या काकांची बायकोही आली होती. ती काय बोलली ते मी विचारलं नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात मी तिला सरळ विचारलं, अगं, इतकी वर्षं घालवलीस, तुझं ते औषध माणसाला लागू पडतं की नाही, एकदाचं सांग तरी. तिनं चहा अर्ध्यावर ठेवला. "माहीत नाही, मावशी. आता लॅबमधली तरुण मंडळी बघतील. उंदरात दिसतं, माणसात बघायचंय. कुणाला द्यायचं, किती दिवस, जंतू माजतील का, सगळंच बघायचंय. हे माहीत नाही म्हणूनच तर मला बसवत नाही." आणि मग जरा हसून, "श्रीकांतच्या वेळेला दूध आधीच उतू गेलं होतं. तेही मला माहीत होतं, आणि तरी मागवलं."

निघायच्या दिवशी मुक्ता गाडी चालवायला आली होती. सामान ट्रकनं गेलेलं. मी दशम्या आणि सुकी चटणी बांधून दिली, लांबचा रस्ता. विजया गाडीभोवती हिंडून टायरना लाथा मारत होती, डिकी उघडत होती, लावत होती. मुक्ता म्हणाली, "आई, बाबा इज फाइन. यू आर द वन हू कान्ट सिट. प्लीज गेट इन." शेवटी बसली एकदाची, मागच्या सीटवर श्रीकांतच्या शेजारी. मला काचेतून म्हणाली, मावशी, फ्रिज परत मागे ढकलू देऊ नका.

मग घड्याळ बघितलं आणि पर्समधून गोळ्या काढल्या. श्रीकांतनं तळहात पुढे केला. तिनं एक ठेवली, दुसरी ठेवली. त्याचा हात तिथेच राहिला. मग त्यानं चष्मा कपाळावर सारला आणि तळहात काचेजवळ, उन्हात आणला.

"ही कशाची? काल ही पांढरी होती."

"कंपनी बदललीय, अरे. औषध तेच."

"कुणाला विचारून बदलली?"

"फार्मसीवाल्यांना विचार."

"तू विचारलंस?"

मुक्तानं गाडी हळूच मागे घेतली. मी हात हलवला, पण त्या दोघांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. विजया तावातावानं काहीतरी समजावत होती, तिचा आवाज काचेबाहेर येत नव्हता. गाडी कोपऱ्याला वळली तेव्हाही त्याचा हात तसाच उन्हात धरलेला होता, गोळी अजून त्याच्या तळहातावर, आणि शेजारी तिचं डोकं एका लयीत जरा जरा हलत होतं. पाय चालू असणार.